मागची सीट

आमच्या पिढीला गाडी ठाऊक झाली ती मागून. समोरच्या डोक्यांच्या फटीतून दिसेल तेवढा रस्ता, आरशात दिसतील तेवढे बाबांचे डोळे आणि खिडकीच्या जागेसाठी चाललेली ढकलाढकल. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा औरंगाबादेत ज्या मोजक्या घरांपुढे गाडी उभी असायची, त्या सगळ्या घरांचा नेम एकच होता. पुढे पुरुषमाणसं, मागे बायका, पोरं आणि पिशव्या. फियाटची पुढची सीट म्हणजे सलग बाक. गियरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे मध्ये पाय अडकायला काही नाही. बाबा, शेवटी आजोबा आणि त्या दोघांच्या मध्ये दादा. दादाला मिसरूड फुटलं तरी त्याची जागा पुढेच. आम्ही दोघी बहिणी, चुलत भावंडं, आई आणि काकू मागे.

कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्यावर मराठीत बरंच लिहून झालं आहे. मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा तर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं ओली झाली होती. त्यात मी भर घालत नाही. फक्त मागच्या सीटपुरतं सांगते, कारण तिथे बसलेल्यांनी फारसं लिहिलेलं नाही.

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, म्हणून मधून जाणाऱ्या शाफ्टसाठी गाडीच्या तळाला लांबलचक उंचवटा असायचा. मागे मधोमध बसणाऱ्याचे पाय त्या उंचवट्यावर आणि गुडघे हनुवटीखाली. ती जागा धाकट्याची, म्हणजे माझी. ताईला उजवी खिडकी. डावीकडे दाराशी आई. ती दाराशीच का बसायची हे फार उशिरा कळलं. थांबलो की सगळ्यात आधी तिलाच उतरावं लागायचं. कुणाला तरी मळमळलेलं असायचं, कुणाला तरी आडोसा हवा असायचा, घाटात तापलेल्या गाडीत ओतायला पाणी हवं असायचं. त्या काळातल्या सगळ्याच गाड्या घाटात तापायच्या आणि सगळ्यांच्याच बंपरला पाण्याची छागळ लोंबत असायची. आईच्या मांडीवर एक कापडी पिशवी. तिच्यात आवळासुपारी, कापलेलं लिंबू, ओला रुमाल आणि आणखी एक रिकामी पिशवी. ती रिकामी पिशवी कशासाठी हे घाट लागला की कळायचं.

वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्याची वेस लागते. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी अरुंद, आणि रस्ता अजूनही तिच्यातूनच जातो. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला निघालेल्या गाड्यांची तिथे रांग लागायची. बाबा आणि आजोबा खाली उतरून वाट मोकळी करायला जायचे, म्हणजे आधीच भांडत असलेल्यांत जाऊन उभे राहायचे. आम्ही मागेच. पुण्याला जाताना नेवासा फाटा, घोडेगाव, पांढरी पूल, मग नगर, सुपा, शिरूर. ही नावं आम्हाला पाठ होती ती बाबा मोठ्याने म्हणायचे म्हणून. आईला मागून पाट्या दिसत नसत. ती विचारायची, "आता काय आलं?" आणि बाबा सांगायचे. बायकोशी प्रवासात बोलायची ही त्यांची पद्धत असावी. दुसरी मला आठवत नाही.

आमच्या घरी गाडी टिकली ती मात्र पत्र्यामुळे. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि औरंगाबादेतल्या कितीतरी घरांचं अर्थशास्त्र बदललं. नोकरी सोडून बाबांनी चिकलठाणा एमआयडीसीत दोन जुन्या प्रेस घेतल्या. स्कूटरला लागणारे लहानसहान ब्रॅकेट आणि वॉशर करून ते मोठ्या व्हेंडरला द्यायचे. तो पुढे वाळूजला. दादा इंजिनीअरिंगची शेवटची परीक्षा देऊन थेट डायवर उभा राहिला. गुलमंडीतला वाडा सोडून आम्ही सिडकोत आलो. जेवणाच्या ताटावर ब्रॅकेट फिरायचे. पत्रा कापला की कडेला धार राहते, तिला शॉपमध्ये बर म्हणतात. बर राहिली की माल परत येतो. दादा अंगठ्याच्या पेराने कड चाचपायचा आणि बघता बघता ती त्याच्या हाताची सवय झाली. लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या डब्याची कडसुद्धा त्याने अशीच चाचपली होती. वहिनी अजून सांगते.

मध्ये एक एस्टीम येऊन गेली. चांगली गाडी होती. तिच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही, याहून चांगलं प्रशस्तिपत्र गाडीला काय मिळणार!

मग ऑक्टाव्हिया. 2001 च्या अखेरीस शेंद्र्याला, जालना रस्त्यावर, स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या. सुटे भाग पेट्यांतून झेक प्रजासत्ताकातून यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. पण औरंगाबादेत कुणी ते तसं सांगत नसे. "आपल्याकडं तयार होते," एवढंच सांगत. स्कूटर आपली होतीच, आता मोटारही आपली. 2006 मध्ये दादाने घेतली तेव्हा शोरूममध्ये त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही. चारही दारं एकेक करून बंद केली आणि प्रत्येक वेळी कान दिला. मग दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. सेल्समन मुलगा बघतच राहिला. "फट सारखी आहे," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक आम्ही आजवर ऐकलेलं नाही. बाबांनी फक्त विचारलं, "डिझेल ना?" डिझेल होती. एकोणीसशे सीसीच्या आतली, नव्वद अश्वशक्तीची. पाय दाबला की क्षणभर विचार करायची आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघायची.

तिची डिकी काचेसकट वर उघडायची. बाहेरून बघावं तर सेडान, मागून उघडावं तर कोठीची खोली. 528 लिटर! मागे पाय पसरायला मात्र जागा बेताचीच. बनवणाऱ्यांनी जागेची वाटणी करताना सामानाला झुकतं माप दिलं होतं, आणि आमच्या घरात ते चालण्यासारखं होतं. गव्हाची पोती, ताईच्या लेकीच्या लग्नातली रुखवताची ताटं, बाबांची घडीची व्हीलचेअर, सगळं त्या डिकीतून गेलं. बाबांचं शेवटचं आजारपणही याच गाडीने पाहिलं. तपासण्यांसाठी पुण्याला जाताना पुढच्या सीटच्या कडेचं गोल चाक फिरवून पाठ मागे न्यायची आणि ते अर्धवट आडवे. मागे झोपा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. आई त्यांच्या मागच्या सीटवर, डावीकडे दाराशी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. नेवासा फाटा गेला की आता आई सांगायची, "घोडेगाव आलं बरं का." पाट्या तिला तेव्हाही दिसत नव्हत्या. गावं पाठ झाली होती.

बाबा गेल्यानंतर पुढची सीट रिकामी झाली, तरी आई सरळ मागच्या डाव्या दाराकडेच जायची. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वयस्कर माणसाने मागे बसावं, आरामात. आम्ही तिघंही त्या मागच्या सीटला मान म्हणायला शिकलो होतो.

मध्ये 2010 चा ऑक्टोबर येऊन गेला. दसऱ्याच्या आगेमागे औरंगाबादेतल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी एकत्र येऊन जवळपास 150 मर्सिडीज एकदम विकत घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. देशभर बातमी झाली. मराठवाड्याकडे बघण्याची लोकांची नजर दोन दिवस बदलली आणि मग पुन्हा होती तशी झाली. दादालाही विचारलं होतं. तो नाही म्हणाला. "ऑक्टाव्हिया चार वर्षांची आहे, अजून तोंडसुद्धा धुतलं नाही तिनं." खरं कारण वेगळं असावं. घोळक्यात घेतलेली गाडी त्याला वरातीतल्या घोड्यासारखी वाटत असावी. मला विचाराल तर, ती खरेदी मला आवडली होती. इतकी वर्षं सुटे भाग पुरवलेल्या गावाने एकदा अख्खी गाडी मागितली, एवढंच तर झालं होतं.

ऑक्टाव्हियाचं पंधरा वर्षांचं पासिंग 2021 मध्ये संपलं. पर्यावरण कर भरून, तपासणी करून आणखी पाच वर्षं मिळाली. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांच्या डिझेलला रस्त्यावर जागा नसायची, इकडे तसं नव्हतं, म्हणून ती राहिली. पण 2026 चा मार्च दिसायला लागला तसा घरात विषय निघाला. ताई पुण्याहून फोनवर, चुलतभाऊ अमेरिकेतून रात्री-बेरात्री आणि पुतण्या जेवणाच्या टेबलावर. पुतण्याचं म्हणणं, आता सेडान कोण घेतं? ते खरंही आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त उंच गाड्या असतात. अमेरिकेतला भाऊ म्हणे, इलेक्ट्रिक घ्या. ताई म्हणे, काहीही घ्या, पण आईला चढता-उतरता आलं पाहिजे.

दादा मात्र सेडानवर अडून बसला. आमच्या पिढीला गाडीचं चित्र काढायला सांगितलं की तीन ठोकळे निघतात: पुढे नाक, मध्ये माणसं, मागे डिकी. उंच गाडी आम्हाला अजून जीपच वाटते, आणि जीप सरकारी साहेबांची किंवा तालुक्याच्या पुढाऱ्याची. शिवाय दादाला 64 व्या वर्षी एकदा चांगली गाडी हवी होती. हे तो कधी बोलला नाही. "आईसाठी घेऊ," म्हणाला.

त्यामुळे शोध सुरू झाला तो मागच्या सीटपासून, आणि तिथे आम्ही थक्क झालो. अलीकडच्या महागड्या सेडान विकल्या जातात त्या मागच्या सीटच्या जिवावर. चाकणला तयार होणाऱ्या मर्सिडीजच्या ई-क्लासची आपल्याकडची गाडी मुद्दाम लांब केलेली असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 3094 मिलिमीटर. बीएमडब्ल्यूची पाच मालिकाही 2024 पासून इकडे लांबच मिळते. फियाटचं हेच अंतर होतं 2340 आणि पहिल्या ऑक्टाव्हियाचं 2512. दादाने हे आकडे पाकिटाच्या पाठीवर एकाखाली एक मांडले. म्हणजे पद्मिनीपासून पाऊण मीटर जास्त, आणि त्यातलं बरंचसं मागच्याच्या पायांना! पाठ कलते, मांडीखालची गादी पुढे सरकते, मानेला उशी, खिडकीला पडदा. पुढची रिकामी सीट मागे बसल्या बसल्या बटण दाबून पुढे ढकलता येते. मी ते बटण दाबून पाहिलं. बाबांची आणि आजोबांची ती जागा मुकाट्याने डॅशबोर्डपर्यंत सरकली, तेव्हा मला थोडं हसू आलं आणि थोडं चोरट्यासारखंही वाटलं.

किंमत पाऊण कोटीच्या पुढे. वर कराचं गणित. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि अधिभार मिळून पन्नास टक्क्यांच्या घरात जाणारा बोजा सरसकट 40 टक्क्यांवर आला, म्हणून शोरूममध्ये तोबा गर्दी. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या गाडीला स्वतःच्या नावाने पेट्रोलसाठी 13 टक्के रस्ता कर, डिझेलसाठी 15 आणि कंपनीच्या नावाने घेतली तर 20. सीए म्हणाले, कंपनीच्या नावाने घ्या, घसाऱ्यात निघेल. दादा म्हणाला, कंपनीच्या नावाने घेतली तर ती प्रेसच्या शेजारी उभी राहील, आईच्या दारात नाही. सीए गप्प बसले. हिशोबाने तेच बरोबर होते.

शेंद्र्याची ऑडीही पाहून झाली, त्याच कारखान्यातली, म्हणून दादाचं मन तिकडे ओढत होतं. तिच्याही दारांच्या फटींवरून अंगठा फिरला. सगळीकडे फिरला. तक्रारीला कुठेच जागा नव्हती आणि त्यानेच तो जरा हिरमुसला. इतक्या सगळ्या गाड्यांच्या फटी सारख्याच असतील तर निवडायचं कशावरून? आत तर मोठा स्क्रीन. वारा, गाणी, नकाशा सगळं काचेवर. "ह्याच्यावर काय चाचपणार," तो म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून स्क्रीनवरचा आपला ठसा पुसला.

आईला दाखवायला लांब ई-क्लास घरी मागवली. आई 85 वर्षांची, एक गुडघा बदललेला. सेडानमध्ये शिरण्याची तिची रीत ठरलेली आहे. आधी पाठमोरं होऊन बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत, मग पदर. शोरूमच्या मुलाने मागचं डावं दार उघडून धरलं. आई बसली. पाठ कलवून दाखवली, पडदा वर-खाली करून दाखवला, मानेमागे उशी दिली. जालना रस्त्यावरून एक चक्कर मारली. मी तिच्या शेजारी होते. मधल्या जागेत पाय ठेवायला गेले तर खाली उंचवटा! ऑक्टाव्हियाची ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे हे सुख मध्ये इतकी वर्षं हरवलं होतं. ही गाडी फियाटसारखीच मागच्या चाकांची. मी मुकाट्याने पाय उचलून त्यावर ठेवले.

चिकलठाण्याच्या सिग्नलला आई म्हणाली, "मी पुढं बसते."

दादाने आरशात पाहिलं. "का? पाठ दुखतीय?"

"पाठ नाही दुखत. इथं झोपायची सोय केलीय सगळी. मला दिसायला पाहिजे."

गाडी कडेला घेतली. शोरूमचा मुलगा पुढून उतरून मागे आला. आई पाठमोरी बसली, पाय आत घेतले, पदर आवरला. सीटची उंची वर करायचं बटण मुलाने मागून सांगितलं, दादाने दाबलं आणि आई हळूहळू काचेच्या वर आली. शेंद्र्यापर्यंत तिने प्रत्येक पाटी वाचली. दुकानांच्या, हॉटेलांच्या, "येथे पंक्चर काढून मिळेल"च्यासुद्धा. साठ वर्षं जिच्या लग्नाला होऊन गेली, ती बाई गाडीत पुढे बसलीच नव्हती, हे आमच्यापैकी कुणी तोवर मोजलं नव्हतं. ताईला रात्री फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आपण तरी कुठं बसायचो गं?" हे मात्र खरं नव्हतं. आम्ही दोघी गाडी चालवतो.

यानंतर लांब गाडीला अर्थच उरला नाही. मागच्या पाऊण मीटरचे पैसे कुणासाठी मोजायचे? दादाने पाकीट पुन्हा काढलं. सी-क्लासचं अंतर 2865. पुढची सीट जवळपास तेवढीच ऐसपैस, पैसे वीसएक लाखांनी कमी. पेट्रोल सी-क्लासचं इंजिन दीड लिटरच्याही थोडं आतलं आहे हे कळल्यावर त्याला धक्का बसला. "साठ लाखांत दीड लिटर? फियाटचं 1089 होतं!" फियाटची चाळीसेक अश्वशक्ती आणि हिची दोनशेच्या वर, हे पुतण्याने परोपरीने समजावलं. उपयोग झाला नाही. डिझेल दोन लिटरचं आहे म्हटल्यावर तो शांत झाला. डिझेलवर 15 टक्के कर तर 15 टक्के. बाबांनीही तेच विचारलं असतं असं तो म्हणाला, आणि वहिनीने मान फिरवली, कारण दादाला जे हवं असतं ते नेमकं बाबांनी विचारलेलं असतं.

रंगावरून मात्र खरं भांडण झालं. दादाला पांढरा, पुतण्याला काळा, वहिनीला "काहीही, पण धूळ दिसणार नाही असा." औरंगाबादेत धूळ न दिसणारा रंग नाही. शेवटी राखाडी घेतला. दसऱ्याला गाडी आली. आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक. नारळ फोडताना आईने सगळ्यांना चार पावलं मागे उभं केलं. पहिली चक्कर समृद्धीवर, सावंगीहून चढून. 120 ची मर्यादा आहे आणि रस्ता असा की 120 कळत नाही. आईला कळलं. ती पुढे होती, काटा तिला दिसत होता. "शंभर झाले," ती म्हणाली. मग "एकशेदहा झाले." दादाने पाय काढला. आता तो तिला घेऊन निघाला की शंभरावर जात नाही, आणि वहिनी मागे उशीला मान टेकून घोरते.

राहिली ऑक्टाव्हिया. बदल्यात देऊ केली तर शोरूमने सांगितलेली किंमत ऐकून दादाने चहासुद्धा घेतला नाही. आमचे मिस्तरी म्हणाले, "साब, बेचो मत. इंजन में अभी बहुत जान है." मग ती एमआयडीसीच्या शेडमध्ये प्रेसच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आठवड्याभराने पुतण्या दादाकडे आला. हाच तो, सेडान कोण घेतं म्हणणारा. शेंद्र्याला नोकरी लागली आहे, रोजचं जाणं-येणं.

"ती गाडी मी वापरू?"

"का, तुला उंच गाडी पाहिजे होती ना?"

"घेईन नंतर. तोपर्यंत."

दादाने किल्ली दिली नाही. आधी वही काढली. "मार्चमध्ये पासिंग आहे. पुढचे दोन टायर बदलायचे, बॅटरी बदलायची. पर्यावरण कर भरायचा. खर्च तुझा."

"निम्मा?"

"सगळा. आणि डिकीत पोतं ठेवलं तर खाली गोणपाट अंथरायचं."